शर्यत कंपन्यांची, जागरण चालकाचे

भांडवलशाहीत खेळाचाही बाजार होतो. 1987 ची जागतिक टूरिंग कार स्पर्धा हे त्याचे ढळढळीत उदाहरण. 60,000 डॉलर नोंदणीशुल्क न भरणाऱ्या संघाला शर्यत जिंकूनही गुण मिळत नसत. मोंझाला बीएमडब्ल्यूच्या, तर बॅथर्स्टला फोर्डच्या मोटारी नियमभंगाबद्दल बाद ठरल्या. आणि एका हंगामातच स्पर्धा गुंडाळली गेली.

तथापि दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींनी एक गोष्ट मान्य केली आहे : यंत्र टिकले तरी माणूस थकतो. ले माँच्या 24 तासांच्या शर्यतीत सहा तासांत चारांहून अधिक तास एका चालकाला मोटार चालविता येत नाही.

भंडारा जिल्ह्यात मात्र टिकाव धरण्याची शर्यत रोजचीच आहे. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. भंडारा, लाखनी, साकोलीवरून मालट्रक अहोरात्र धावतात. त्यांच्या चालकाला बदली कोण देतो? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली. परंतु पाच कामगारही नसलेल्या मालकाला तो आपोआप लागू होत नसे. एकदोन ट्रकांच्या मालकाकडील चालक वाऱ्यावरच राहिला. पुढे 2020 च्या श्रमसंहितेने तो कायदाच पोटात घेतला.

कंपनीच्या कीर्तीसाठी विश्रांती सक्तीची आणि मालाच्या भाड्यासाठी जागरण सक्तीचे, हा कुठला न्याय? कामगारसंख्येची अट न घालता प्रत्येक चालकाचे तास मोजले जावेत, आणि जबाबदारी माल पाठविणाऱ्यावरही यावी. गाडी घडविणाऱ्या व गाडी हाकणाऱ्या कामगारांनी ही मागणी एकजुटीने लढविली पाहिजे.