पुडीतला घोडा

हिंदी मी शाळेत शिकलो नाही, रेल्वेच्या खिडकीत शिकलो. गाडीनं कल्याण सोडलं की रुळांकडेच्या भिंतींवर चुन्यानं रंगवलेली पुरुषभर उंचीची अक्षरं लागत. 'मर्दाना कमजोरी', 'गुप्तरोग', 'निराश रोगी एक बार अवश्य मिलें'. सात-आठ वर्षांचा असताना मी ती मोठ्यानं वाचत चाललो होतो आणि भर डब्यात वडिलांना विचारलं, "बाबा, मर्दाना कमजोरी म्हणजे काय?" वडील म्हणाले, "हात खिडकीबाहेर काढू नकोस."

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांना मिळालेलं लैंगिक शिक्षण ते एवढंच.

असल्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ साली झाला. अमुक औषधानं कामशक्ती वाढते अशी नुसती जाहिरात केली तरी पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण भिंतींना वाचता येत नाही. बरं, या विषयावर सरळ बोलणारं कुणी आपल्याकडे नव्हतं असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि मुलाला खिडकीबाहेर बघायला न सांगता सगळं स्वच्छ मराठीत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. म्हणजे खरं सांगणारा कोर्टात आणि चूर्ण विकणारा भिंतीवर, ही आपली जुनी व्यवस्था आहे.

मी काही फार वरच्या पायरीवर उभा राहून हे लिहीत नाही. पन्नाशीला आलो तेव्हा मीही रस्त्याच्या कडेला तंबू ठोकलेल्या एका दाढीवाल्याकडून हिमालयातलं अस्सल शिलाजीत घेतलं होतं. चांगलं पाव किलो. एवढ्या शिलाजितात मी काय काय करणार होतो कोण जाणे! घरी आणून न्हाणीघरातल्या फळीवर लपवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर डबी रिकामी. "डांबर बरं आणलंत," ही म्हणाली, "बादलीचं भोक बुजवलं." वैद्य सांगतात की खरं शिलाजीत पाण्यात विरघळतं. ती बादली पुढं तीन वर्षं गळली नाही. यावरून काय ते समजा.

पुढं या शास्त्रात मी थोडं लक्ष घातलं. 'कौंच बीज' या भारदस्त नावानं चांदीच्या वर्खात जे मिळतं ते म्हणजे आपली खाजकुयली. शाळेत असताना आम्ही तिची कुसं मास्तरांच्या खुर्चीवर टाकत असू. मास्तर उठून नाचत, पण ते कामवासनेनं नव्हे. गोखरू म्हणजे सराटे, जे अनवाणी पायात मोडतात. अश्वगंधेनं झोप जरा बरी लागते, मनावरचा ताण थोडा हलका होतो, असं लहान लहान प्रयोगांतून दिसलं आहे. काहींच्या यकृताला तिनं अपाय केल्याचीही नोंद आहे. पण मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून खाणाऱ्याचा घोडा होईल, हे तर्कशास्त्र मला अजून पटलेलं नाही. शेवग्याची कथा तर आणखी गमतीची. १९८३ साली 'मुंदानै मुडिच्चु' नावाचा तमिळ सिनेमा आला, मग त्याचा हिंदीत 'मास्टरजी' झाला आणि वर्षानुवर्षं आमटीत निमूट शिजणारी शेंग एकाएकी बदनाम झाली. आमच्या वाडीत तर पाहुण्यांना शेवग्याची आमटी वाढताना बायका खाली बघू लागल्या.

आता कुणी तरी म्हणणार, की हा माणूस आयुर्वेदाची टवाळी करतो. मुळीच नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, वाजी म्हणजे घोडा, हे मला माहीत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात दुसराच अध्याय त्याचा आहे. त्यात दूध, तूप, उडीद येतात, चिमण्या आणि मगरीही येतात. पण सगळ्यांत श्रेष्ठ वाजीकरण कोणतं म्हणून चरक सांगतात? मनाला आवडणारी स्त्री! आता ही काही लॉजवर पुडीत बांधून मिळत नाही. आणि वात्स्यायन, ज्याचं नाव छापल्याशिवाय यांची एकही डबी विकली जात नाही, त्यानं 'कामसूत्रा'च्या शेवटच्या भागात असे उपाय दिले खरे. पण तिथंच बजावलं आहे की ज्याच्याविषयी शंका आहे, ज्यानं शरीराला धोका आहे, ज्यासाठी जीवहत्या करावी लागते, ते वापरू नये. म्हणजे सांड्याचं तेल विकणारा तो दाढीवाला वात्स्यायनाच्या हिशेबानंही गुन्हेगारच. सरकारच्या हिशेबानं तर आहेच, कारण तो बिचारा कच्छ-राजस्थानातला सरडा कायद्यानं संरक्षित आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भिंतीवर बाईला कधीच कमजोरी नसते. तिला इच्छा आहे की नाही हा प्रश्नच चुन्यात मावत नाही. मी हा मुद्दा मोठ्या पुरोगामीपणानं आमच्या हिच्यापुढं मांडला. ती रात्री साडेदहाला मोरीपाशी उभी होती. म्हणाली, "दिवसभर उभं राहून पाय मोडलेत. भांडी घासून द्या, मग बघू. हा काथ्या घ्या. नारळाचाच असतो, वनस्पतीजन्य."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या भावोजींचं प्रकरण झालं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. रिटायर्ड, शिस्तीचे, मधुमेही. छातीत दुखायला लागलं तर जिभेखाली ठेवायची गोळी सदैव खिशात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एका लॉजवर 'गुरुजी' येत, त्यांच्याकडून त्यांनी साडेचार हजारांचा एक्केचाळीस दिवसांचा कोर्स आणला होता. पावतीवर लिहिलं होतं, 'पोटाचे विकार'. तिसऱ्या रात्री छाती दाटली, त्यांनी ती गोळी जिभेखाली ठेवली आणि न्हाणीघराच्या दारात कोसळले. रक्तदाब इतका उतरला होता की डॉक्टरांनाही कोडं पडलं. त्यांनी तीनतीनदा विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?" भावोजी मान हलवून नाही म्हणत राहिले. मरणाच्या दारातसुद्धा माणूस लाजतो हो! पुड्या ताईला दुसऱ्या दिवशी सापडल्या, ज्ञानेश्वरीच्या मागं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं सिल्डेनाफिल नावाचं औषध आहे, तीच ती व्हायग्रा. खरं तर हृदयासाठी म्हणून शोधायला घेतलं होतं. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्या-गोळ्यांत तेच गुपचूप कालवलेलं वेळोवेळी सापडलं आहे. आणि ते पोटात असताना जिभेखालची नायट्रेटची गोळी घेतली तर रक्तदाब धाडकन कोसळतो. भावोजींच्या पुडीत तेच होतं की नाही, हे सांगता येणार नाही. ताईनं रागाच्या भरात सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या होत्या. पण मला तेव्हा उमजलं, की मी आजवर उलटी भीती बाळगत होतो. पुडीचा गुण आला नाही तर साडेचार हजार गेले, एवढंच. भीती बाळगायची ती पहिल्याच रात्री गुण आला तर! कारण खाजकुयलीला एवढी घाई नसते.

मला राग येतो तो याचा. हा त्रास मधुमेहानं होतो, रक्तदाबाच्या एखाद्या गोळीनं होतो, थायरॉइडनं, उदासीनं, अपुऱ्या झोपेनं होतो. कधी कधी हृदयविकाराची ती आगाऊ वर्दी असते. दोन साध्या तपासण्यांत उलगडावं असं पुष्कळ असतं. ते सोडून माणूस लॉजच्या मागच्या जिन्यानं चढतो, कारण पुढच्या दारानं दवाखान्यात गेलं तर डॉक्टर ओळखीचा निघतो. गुरुजींचा खरा माल चूर्ण नव्हेच. तो आपली लाज आपल्यालाच साडेचार हजारांना विकतो, वर पावती देतो पोटाची.

भावोजींची साखर आता आटोक्यात आहे. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, असल्या पुडीला हात लावायचा नाही अशी तंबी दिली, आणि ती तंबी ताईला शेजारी बसवून दिली. दोघं रोज संध्याकाळी फिरायला जातात. पुढचं विचारायची माझी छाती नाही. परवा मंडईत भावोजी दिसले, शेवग्याच्या शेंगा वाकवून वाकवून निवडत होते. मला पाहून त्यांनी जुडी पटकन पिशवीत घातली.

"आमटीला का?" मी विचारलं.

"आमटीलाच," भावोजी म्हणाले आणि कोथिंबिरीचा भाव करू लागले.