‘नटसम्राट’ : रंगभूमीवरचा आणि पडद्यावरचा

गेल्या रविवारी आमच्या सुकापूरच्या बिऱ्हाडी रात्रीची जेवणे आटोपून सारी मंडळी दूरदर्शनसंचासमोर बसली असता चिरंजीवांनी ‘नटसम्राट’ हा बोलपट लावला. सौभाग्यवतींनी दोन वेळा डोळ्यांना पदर लावला. सूनबाई मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या व बऱ्याच वेळाने परतल्या. शेवटी आमचे नातू, जे यंदाच महाविद्यालयात जाऊ लागले आहेत, म्हणाले, “आजोबा, तुम्ही सारखे सांगता ते नाटक आता वाचायला नको. सगळे यात आलेच की!” त्या एका वाक्यापायी आज लेखणी हाती धरावी लागली.

बोलपट टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. रा. महेश मांजरेकर यांनी तो १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित केला, तेव्हा त्याला लोटलेली गर्दी आम्ही स्वतः अनुभवली आहे. रा. नाना पाटेकर यांचे सामर्थ्य वादातीत आहे, आणि मेधाबाई मांजरेकरांनी कावेरीचे काम जितके थोडे बोलून केले तितकेच ते मनात राहते. शिव्यांविषयी आम्ही काही लिहीत नाही. त्या त्या वेळी सूनबाईंनी आवाज कमी केला, इतके पुरे.

मूळ नाटक आम्ही प्रथम पाहिले ते मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या सुटीत, वडिलांसमवेत. गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी ते रंगभूमीवर आणले होते, दिग्दर्शन कै. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे कै. डॉ. श्रीराम लागू. आमच्या दैवी मात्र कै. दत्ता भट यांचा प्रयोग आला, व त्याबद्दल आम्हांस तिळमात्र खंत नाही. नाटक संपल्यावर वडील स्थानकापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे ते मौन त्या वयात आम्हांस कळले नाही. आज बेलवलकरांच्या वयाला येऊन पोचल्यावर ते थोडेफार कळू लागले आहे.

मूळ कृतीत फेरफार करणे हे पाप, असेही आमचे मत नाही. तसे म्हणावे तर प्रथम कालिदासालाच दोषी धरावे लागेल. महाभारतातील दुष्यंताला शकुंतलेची पूर्ण आठवण असते आणि तरीही तो भरसभेत तिला नाकारतो. दुर्वासाचा शाप आणि ती अंगठी कालिदासाने पदरची घातली आणि व्यासांच्या कठोर आख्यानातून एक निराळाच करुण रस उभा केला. स्वतः कुसुमाग्रजांनीही शेक्सपियरच्या ‘किंग लियर’चा धागा घेऊन त्यावर सर्वस्वी मराठी घर उभारले, राजाचा नट झाला आणि राज्याच्या जागी प्रॉव्हिडंट फंडाचे व घराचे वाटप आले. तेव्हा प्रश्न एवढाच, की नवे घातले त्याने रस वाढला की पातळ झाला?

बोलपटात रामभाऊ हे पात्र नव्याने आले आहे. कै. विक्रम गोखले यांनी ते अशा तोलाने केले की त्या दोन नटांचा रुग्णालयातील कर्ण-कृष्णाचा प्रवेश पाहताना आमचाही कंठ दाटून आला. परंतु आमचे दुःख नेमके इथेच आहे. नाटकातल्या गणपतरावांना असा सोबती नाही. कावेरी आहे, जुना नोकर विठोबा आहे. पण ज्याच्या तोंडून शब्द सुटताच सारे नाट्यगृह स्तब्ध होई, त्या माणसाचे शब्द झेलणारा बरोबरीचा कोणी त्याच्या घरात उरलेला नाही. म्हणून तो अंधारात बसलेल्या आपल्याशी बोलतो. त्याचे अखेरचे सोबती आपणच असतो, आणि पडदा पडला की आपणही त्याला तिथेच टाकून आपापली गाडी पकडतो! वडिलांचे मौन बहुधा याच जाणिवेचे असावे. बोलपटात आपली ती जागा रामभाऊंनी घेतली.

चिरंजीवांचे म्हणणे निराळे पडले. रामभाऊ जातात म्हणूनच मागाहूनचे एकटेपण अधिक बोचते, असे ते म्हणाले. युक्तिवाद वाईट नाही; पण मित्राच्या मृत्यूचे दुःख दैवाने दिलेले असते, त्यास कोणाचा इलाज नाही. गणपतरावांचे एकटेपण मात्र घरातल्या माणसांनी, फारसे दुष्ट नसताना, रोज थोडे थोडे करून दिलेले आहे. हे वाक्य आम्ही उच्चारले तेव्हा चिरंजीव व सूनबाई दोघेही खाली पाहू लागले, आणि आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. आमचा रोख त्यांच्यावर नव्हता, हे येथे लिहून ठेवतो.

नातवास आम्ही कपाटातून नाटकाची जुनी प्रत काढून दिली. बोलपट पाहिला नसता तर त्याने ती हातीही धरली नसती, हे कबूल करणे भाग आहे. पनवेलच्या फडके नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग कधी लागेल तेव्हा लागो. तूर्त रोज संध्याकाळी तासभर घरीच वाचन चालते. कावेरीचे संवाद सौभाग्यवती वाचतात, मुलाचे चिरंजीव वाचतात. सुनेचे काम सूनबाईंनी प्रथम साफ नाकारले होते, काल आपण होऊन मागून घेतले. गणपतराव कोणी वाचावयाचे यावरून मात्र आमचे आणि नातवाचे अद्याप जमलेले नाही.