लोकरीचा बैल आणि कर्जाचा हिशेब



गेल्या वैशाखात रोहा तालुक्यातील एका वाडीवर गेलो होतो. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया दाखवून झाली, चहा आला. तेवढ्यात घरातल्या मावशींनी एक लोकरीचे कुत्रे आणून पुढ्यात ठेवले. अंग छान झुबकेदार, पण एक कान बोडका! नातीने मुंबईहून आणलेल्या तयार संचातून ते केले होते. कानाशी येईतो लोकर संपली. त्या रंगाची लोकर ना रोह्यात मिळाली, ना पेणला.

"साहेब, गटानं ठरवलंय," बचत गटाच्या अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "कर्ज काढून असे वीस संच आणायचे. गणपतीआधी पेणला मुंबईची गिऱ्हाइकं येतात, तिथं विकायचे. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "वहिनी, मत मग सांगतो. आधी सुई दाखवा."

ही सुई मोठी गमतीची. लाकडी मुठीला लोखंडी काडी, टोकाला आकडा आणि आकड्यावर उघडझाप करणारी इवलीशी झडप. तिला लॅच हूक म्हणतात. अशा झडपेच्या सुईचे पेटंट १८४९ साली इंग्लंडातील मॅथ्यू टाउनसेंड याने घेतले. मोजे आणि बनियन विणणाऱ्या अनेक यंत्रांत अशाच सुया असतात.

काम सोपे आहे. जाळीच्या कापडावर इंचाला साधारण चार घरे असतात. लोकरीचा अडीच इंची तुकडा दुमडून झडपेच्या खाली काडीभोवती धरायचा. सुई जाळीच्या एका आडव्या धाग्याखालून पुढे काढायची, झडप पूर्ण बाहेर येईपर्यंत. मग तुकड्याची दोन्ही टोके आकड्यात अडकवून सुई मागे ओढायची. झडप आपोआप मिटते, टोके फासातून बाहेर येतात आणि गाठ बसते. अशा गाठी ओळीने भरत गेले की केसाळ कातडे तयार होते. तशा दोन बाजू शिवून आत कापूस भरला की झाला प्राणी.

आता हिशेब. ओट्यावरच कोळशाने मांडला. आठ इंच लांब आणि सहा इंच उंच अशी एक बाजू धरली, तर क्षेत्र ४८ चौरस इंच. दर चौरस इंचाला १६ गाठी, म्हणजे ७६८. दोन बाजूंच्या दीड हजारांवर. मिनिटाला पाच गाठी मारल्या तरी पाच तास गेले. शिवणे, भरणे, डोळे-कान करणे यांना आणखी दोन-तीन तास. म्हणजे एका प्राण्याला एक पुरता दिवस. त्या दिवसाची मजुरी, संचाची किंमत, पेणचे एस.टी. भाडे आणि कर्जाचे व्याज एवढे सारे विक्रीच्या किमतीतून सुटले पाहिजे. वहिनींनी बेरीज केली आणि गप्प बसल्या. बाजारात तुरी, अशातली ती गोष्ट होती.

"मग हे करूच नये का?" नातीने विचारले.

करावे, अवश्य करावे. पण संच एकच पुरे. तो शिकण्यासाठी. सुई हाती बसली की बाकीचे सारे घरात आहे.

जाळीच्या जागी भाताचे जुने गोणपाट घ्यावे. औषधाचे किंवा खताचे पोते मात्र मुळीच घेऊ नये, कितीही धुतले तरी नाही. गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कडा सुटतात म्हणून आधी चारी बाजूंनी दुमडून टीप मारावी. त्याची वीण दाट असते, तेव्हा दोन धागे एकत्र धरून गाठ मारावी आणि दोन-तीन धागे सोडून पुढची. लोकरीऐवजी जुन्या टी-शर्टच्या अर्धा इंच रुंद, तीन इंच लांब पट्ट्या चालतात. त्यांचे दोरे सुटत नाहीत. रंग संपला तर दुसरा टी-शर्ट काढावा!

आत भरायला सावरीचा कापूस उत्तम. आपल्याकडच्या रानात काटेसावर आहे, चैत्र-वैशाखात बोंडे फुटतात. कापूस हलका असतो आणि पाणी लवकर धरत नाही. सरकी काढून, ऊन देऊन भरावा. तो झटकन पेट घेतो, म्हणून चूल आणि दिवा यांपासून दूर. पेंढा किंवा तूस भरू नये. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि उंदीर येतात. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती असले केसाळ खेळणे देऊ नये. ओढून निघालेला तुकडा तोंडात जातो. डोळे मण्यांचे किंवा बटणांचे न लावता दोऱ्याने भरावेत.

राहिला नमुना. खरा धंदा त्यातच आहे. पेणकडे पाहा. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात, तिथे रंग चढतो. पण साचा पेणचा असतो आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला मान असतो. दुसऱ्याच्या संचातले कुत्रे कोणीही करील. आपल्या दारचा बैल, त्याचे वशिंड, त्याच्या शिंगांचा बाक तुमच्याइतका कोणाला ठाऊक आहे? जुन्या कागदावर त्याची बाजू काढा, कापा आणि तोच नमुना जपून ठेवा.

जर्मनीतील मार्गारेटे श्टाइफ या बाईंना लहानपणी पोलिओ झाला. त्या चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करीत. १८८० साली एका मासिकातला नमुना पाहून त्यांनी फेल्टचे छोटे हत्ती शिवले, टाचण्या टोचून ठेवायला. मुले त्यांच्याशी खेळू लागली आणि त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. सुरुवात मात्र उरल्यासुरल्या कापडात बसेल एवढ्या वस्तूपासून होती.

विकण्याचा विचार असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा आधी नोंदणीची चौकशी, मग विक्री. पंचायत समितीत उमेद अभियानाच्या कक्षात विचारा.

गटाने कर्जाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवला. पुन्हा गेलो तेव्हा लावणी आटोपली होती. ओट्यावर गोणपाटाचा एक बैल उभा होता, जुन्या निळ्या-पांढऱ्या टी-शर्टचा. एक शिंग जरा वाकडे होते.

"साहेब, आमच्या ढवळ्याचं तसंच होतं," मावशी म्हणाल्या.

मुंबईहून आलेल्या एका पाहुणीने तो मागितला होता. मावशींनी दिला नाही. तिच्यासाठी दुसरा करायला घेतला आहे आणि त्याची किंमत लावताना दिवसाची मजुरी आधी धरली आहे. एवढे शिकलात तर सुईचे पैसे वसूल झाले म्हणायचे.