आत्याची कोयती

शिरढोणला आमच्या आत्याकडे जाताना काय न्यावे, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. मिठाई तिला चालत नाही. साडी नेली तर "ही आता नेसून मी कुठे मिरवू?" असे म्हणून ती ट्रंकेत टाकते. म्हणून श्रावणात मी एक सुरी नेली. स्टेनलेस स्टीलची, चकचकीत, मखमली खणात निजवलेली. दुकानदाराने कागदाचा कपटा हवेत धरून तो सरकन् कापून दाखवला होता, आणि आपण अशा प्रात्यक्षिकांना हमखास भुलतो. आत्याने चष्मा लावून ती पाहिली, धार अंगठ्याने चाचपली, आणि संध्याकाळी तिनेच नारळ फोडायला घेतला. धारेचा नखाएवढा तुकडा उडाला!

"सुरी छान आहे रे," आत्या म्हणाली, "पण तिला घरातली निम्मी कामं ठाऊकच नाहीत."

खरे तर सुरी नेण्यामागे माझा एक हेतू होता. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. घरात एकटी. मागे सात-आठ माड, दोन फणस, आणि या सगळ्यांचा कारभार एका जुन्या कोयत्यावर. तो कोयता आषाढात तिच्या हातून निसटला आणि पावलापासून चार बोटांवर जमिनीत रुतला. पावलाला काही झाले नाही; पण हे पुण्याच्या आतेबहिणीच्या कानावर गेले आणि तिने निकाल दिला की दिवाळी झाली की आईने पुण्याला यायचे. तिची काळजी खोटी नव्हती. पण माड सोडून तिसऱ्या मजल्यावर बसलेली आत्या मला डोळ्यांसमोर आणवेना. हलके हत्यार दिले तर प्रश्न मिटेल, असा माझा शहरी हिशेब होता.

पनवेल मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. गावातल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी फडक्यांची गोष्ट ठाऊक असते. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करता करता ते लहुजी वस्तादांच्या तालमीत हत्यारे शिकले, ब्रिटिशांविरुद्ध उठले, १८७९ मध्ये पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. आत्याच्या ओसरीवर बसून आम्ही मुले तलवार मोठी की दांडपट्टा मोठा, यावर भांडत असू. पट्ट्याचे पाते लांब, पातळ आणि लवणारे, हे तेव्हाही ठाऊक होते. ते तसे का, हे मात्र मला यंदा एका घिसाड्याने शिकवले.

भाद्रपद सरता सरता, भातकापणीच्या आधी, महामार्गाच्या कडेला घिसाड्यांची पाले पडली होती. ही मंडळी आपले मूळ राजपुतान्याकडे सांगतात आणि गावोगाव फिरून विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवतात. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरून ऐरणीपाशी बसतो आणि समोर उभी राहून घण घालते ती त्याची बायको. पदर खोचलेला, घण डोक्यावरून येतोय आणि बरोब्बर बोटभर जागेत पडतोय! जवळच पोरगी हाताने पंखा फिरवून निखारे फुलवत होती. लोखंड म्हणाल तर मोडीत निघालेल्या गाड्यांचे कमानीचे पाटे. ते पोलाद वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेले, म्हणून कोयत्याला फार चांगले.

मी ऐटीत फर्मावले, "एक कोयता करा. पण हलका. पाठ एक सूत, जास्त नको."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुमारे सव्वातीन मिलिमीटर. घिसाडी माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय तोडायचंय, साहेब?" मी म्हणालो, "घरातलं." त्याने आणखी विचारले नाही. गिऱ्हाइकाने फर्मावले, त्याने केले. तासाभरात पाते झाले. आत्याच्या काट्यावर मुठीसकट ३०० ग्रॅम भरले. जुना कोयता त्याच काट्यावर ८८० भरला होता. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

आता आमच्याकडे नारळ कसा फोडतात, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. धारेने नव्हे, नारळ डाव्या तळहातावर धरून कोयत्याच्या पाठीने ठोकायचा आणि फिरवत फिरवत दुसरा टोला द्यायचा. आत्याचे जन्मभर दोन टोल्यांत काम. त्या दिवशी दहा झाले. पाते टणटण वाजे, झिणझिण्या मनगटात येत आणि नारळ तसाच. मग तिने सोडणात धार रुतवून पिळली, तर पाते चक्क कडेला लवले. हलक्या हत्याराने तिला जडाहूनही अधिक दमवले.

जाडी निम्मी केली की वजन निम्मे होते, इतके मला कळत होते. ताठपणा मात्र निम्मा होत नाही, तो आठव्या हिश्श्यावर येतो, हे शाळेत शिकूनही विसरलो होतो. शिवाय टोल्याचा जोर एक तर हत्याराच्या वजनातून येतो, नाही तर हाताच्या वेगातून. तरुण माणूस हलके पाते जोरात फिरवून उणीव भरून काढील; अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो वेग आणायचा कुठून? आत्याला वजन हवेच होते. फक्त ते उचलताना जाणवायला नको होते.

पुढच्या रविवारी आत्यालाच घेऊन पालावर गेलो. बुधवारी पाले हलणार होती. घिसाडी माझ्याशी बोललाच नाही. "आजी, हात दाव," म्हणाला. तिची मूठ उघडून पाहिली, जुना कोयता तिला धरायला लावला, दोनदा उचलायला लावला. घण घालणारी बाई बाजूने म्हणाली, "आजीचं मनगट थकलंय, खांदा नाही." मग प्रश्न सुरू झाले. नारळ रोज किती? लाकूड फोडते का? झावळ्या कोण तोडतं? माडावर चढणारा गडी आपला कोयता आणतो, हे कळल्यावर त्याने लांबीतून चार बोटे उडवली.

मग त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते. पाठ मुठीजवळ पुरती दोन सूत ठेवली, कारण नारळ तिथल्या पाठीने फुटतो. तिथून टोकाकडे घणाच्या टोल्यांनी ती उतरवत नेली, ती टोकाशी एक सूत झाली. पाठीकडून धारेकडेही पाते असेच निमुळते. म्हणजे जाडी एक नाहीच. पात्यात प्रत्येक ठिकाणी ती वेगळी. जुन्या कोयत्याचे जडपण पुढे टोकाकडे होते. उभ्या माणसाला झावळीवर घाव घालताना ते उपयोगी, पण उचलताना तेच मनगट खाली ओढते. आता भार मुठीकडे सरकला. तलवारही अशीच मुठीशी जाड आणि टोकाकडे पातळ का असते, हे मला तिथे उमगले. पट्ट्याचे मनगट तर लोखंडी खोबळ्यात अडकलेले. सारे काम दंडाचे आणि लवणाऱ्या पात्याचे. त्याने नारळ फोडायला कुणी सांगितले नव्हते.

शेवटी नुसती धार पाण्यात बुडवून कडक केली आणि पाठ तशीच चिवट राखली. सगळी कडक केली असती तर टोल्याने पाते तडकले असते, माझ्या दुकानी सुरीसारखे. कानशीने धार साफ झाली, बाभळीची मूठ बसली. काट्यावर वजन ४६० ग्रॅम. एवढ्या लहान हत्याराला कोयता कसा म्हणायचा, ही तर कोयती! पैसे देताना मी सवयीने घासाघीस करणार होतो, पण आत्याने डोळे वटारले.

घरी येऊन तिने नारळ घेतला. पहिला टोला, फिरवला, दुसरा. तिसरा द्यावा लागला हे खरे. पण पाणी वाटीत नीट पडले आणि कोयती हातात राहिली.

"विळी सुटली नसती तर एवढं रामायण नसतं," ती म्हणाली. यात मोठे तथ्य आहे. विळीचे पाते कितीही जाड असो, भार पाटाचा आणि पायाचा. हात फक्त भाजी पुढे सरकवतो. म्हणून आमच्या आज्या ऐंशीपर्यंत खोबरे खवीत आणि सुरण चिरीत. गुडघे बोलू लागले, स्वयंपाक उभ्या ओट्यावर आला, आणि पात्याचे सगळे वजन बायकांच्या मनगटावर आले. सुऱ्या विकणारे याबद्दल काही बोलत नाहीत, ते कागद कापून दाखवतात.

माझा तो फसलेला ३०० ग्रॅमचा कोयता मी घरी आणला. सौ.ने पहिल्याच दिवशी त्याने कोबी चिरला आणि आता ती तो मला हात लावू देत नाही. बरोबरच आहे. जाड पाते गाजरात पाचरीसारखे घुसते आणि फोड कापण्याआधीच ती तडकवते. पातळ पाते अलगद उतरते. जपानात तर भाजीची नाकिरी पातळ आणि मासळीची देबा जाड पाठीची, अशी दोन वेगळी हत्यारेच एका स्वयंपाकघरात असतात.

खंडेनवमीला आत्याने पाटावर दोन्ही मांडले: तेल लावलेला जुना कोयता आणि ही कोयती. झेंडू दोघांनाही. दसऱ्याला आतेबहीण आली ती आईचे कपडे नेण्यासाठी रिकामी बॅग घेऊनच. आत्याने काही वाद घातला नाही. पाटवड्यांवर पेरायला खोबरे हवे म्हणून तिच्यासमोर नारळ फोडला, तीन टोल्यांत, आणि वाटी तिच्या हाती दिली. बहिणीने कोयती उचलून पाहिली, जुना कोयता उचलून पाहिला, पुन्हा कोयती उचलली.

बॅग नारळांनी भरून पुण्याला गेली. आत्याच्या जाण्याचा विषय तूर्त मार्गशीर्षावर पडला आहे.