मेंदूतील तीळभर अंतर

एका पंगतीस बसणारी, एकमेकांच्या सुखदुःखास धावून जाणारी माणसे राजकारणाचा विषय निघताच परस्परांस परकी का होतात, या प्रश्नाचे उत्तर विचारांत शोधण्याऐवजी मेंदूच्या घडणीत शोधण्याची प्रवृत्ती अलीकडे बळावली असून, प्रतिपक्षाशी बोलण्याचा ज्यांस उबग आला आहे त्यांना ती विशेष सोयीची वाटते, म्हणून यंदाच्या दीपावलीस तिचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

२०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात र्योता कानाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० तरुणांच्या मेंदूंची चुंबकीय चित्रे तपासली, तेव्हा पुराणमतवाद्यांत भयादी भावनांशी निगडित असलेला उजवा अमिग्डला काहीसा मोठा, आणि उदारमतवाद्यांत परस्परविरोधी संकेतांची दखल घेणाऱ्या अँटिरियर सिंग्युलेट या भागातील करडे द्रव्य अधिक, असे त्यांस आढळले. परंतु नेदरलँड्समधील ९२८ व्यक्तींवर घेतलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळ्यात दुसरा निष्कर्ष टिकला नाही, आणि पहिला टिकला तो सुमारे एक तृतीयांश होऊन. अंतर उरले ते तिळाच्या दाण्याएवढे. शिवाय ते कारण की परिणाम, हा मुद्दा शिल्लकच आहे, कारण अनुभवानेही मेंदू घडत असतो: लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांहून मोठा असल्याचे एलिनॉर मग्वायर यांनी २००० साली दाखविले, आणि ज्याची चाकरी अधिक वर्षांची त्याचा तो भाग अधिक मोठा, असेही त्यांत दिसले.

या संदर्भात इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण आम्हांस अपरिहार्य वाटते. १९२७ साली बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची जी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली, तिचे प्रमुख ऑयगेन फिशर यांची अशी धारणा होती की, कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमता युरोपीयांत अधिक असून तीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण होय; हे सिद्ध करण्याचे काम ज्या बावीस-तेवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थिनीकडे आले, तिने १४९ कवट्या मोजल्या, वंशावंशांत तसा भेद आढळत नाही असा निर्वाळा दिला, आणि परक्या मुलखात, आपल्याच गुरूंच्या मताविरुद्ध, तो प्रबंधात निःसंदिग्धपणे नमूद केला. पुढे तीच संस्था नाझी राजवटीच्या वंशधोरणाची सेवक झाली, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रबंधाचे मोल कळते. मेंदूची चित्रे म्हणजे कवट्यांची मोजमापे नव्हेत, आणि त्या संशोधकांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण प्रतिपक्षाचा मेंदूच निराळा, सबब त्याच्या कैफियतीस कान देण्याचे प्रयोजन नाही, असा हुकूमनामा कोणी त्यांतून काढू लागेल, तर त्यास आमचा ठाम विरोध राहील.

प्रस्तुत अंकात तीव्र मतभेद असलेल्या लेखकांचे लेख आम्ही हेतुपुरस्सर शेजारी शेजारी छापले आहेत. ज्याचे नाव दिसताच पान उलटावेसे वाटेल, त्याचा लेख वाचकांनी प्रथम वाचावा, आणि आपली तक्रार आम्हांस अवश्य लिहून कळवावी.