गायमांडीला तिला कोणी थांबवलं?

कनकेश्वरला जायला मांडव्याहून आम्ही नऊ जणी निघालो होतो. परतही नऊ जणीच आलो. पण देवळापर्यंत पोचलो आठ. नववीला वाटेत बसवून ठेवलं होतं. तिला देवळातल्या कोणी अडवलं नाही, कुठल्या पुरुषाने तर नाहीच. बसवलं ते आम्हीच, आणि त्यात मीही होते. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मुंबईकरांना मांडवा ठाऊक आहे तो धक्का म्हणून. गेटवेहून लाँच, २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट, आणि मग वाड्या-बंगल्यांकडे पळणाऱ्या गाड्या. आम्हा इथल्या बायकांच्या नजरेत मात्र भरतो तो मागचा डोंगर. मांडव्याला सून म्हणून आले त्याला आता तीस वर्षं झाली. पहिल्याच श्रावणात सासूबाई मला घेऊन कनकेश्वर चढल्या होत्या. विक्रमने फाट्यापर्यंत जायचं, मापगावच्या पायथ्याला चपला नीट बांधायच्या आणि चढायला लागायचं. पायऱ्या सातशेच्या वर आहेत. आंग्र्यांच्या काळात गोविंद रेवादास यांनी त्या बांधवल्या असं सांगतात. दगड मोठे, उंचीला एकसारखे नाहीत, आणि श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरलेलं. नागोबाचा टप्पा येईपर्यंत बोलणं थांबतं. देवाच्या पायरीपाशी गुडघे बोलायला लागतात. गायमांडीला आलं की वारा लागतो, खाली समुद्र दिसतो, आकाश मोकळं असेल तर खांदेरी-उंदेरीसुद्धा. पुढे पालेश्वर, तिथे झाडाचा पाला वाहायचा. मग ब्रह्मकुंड आणि देऊळ.

आमच्यातली ती नववी बाई सत्तेचाळीस वर्षांची. नवऱ्याच्या होडीवर जे मिळेल ते विकणारी. सुकट, बोंबील, करंदी, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पंचवीस वर्षं गावोगाव फिरलेली. त्या डोंगरावर आम्हा सगळ्यांत तीच दमाची. माझ्या खांद्यावरची पिशवीदेखील तिने दुसऱ्याच टप्प्यावर न विचारता काढून घेतली होती. तिचा नवस होता. लेकीची दोन गरोदरपणं वाया गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस नीट भरले, मूल हाती आलं, तर श्रावणाचे पाच सोमवार चढून येईन असं ती बोलली होती. नातू झाला. तीन सोमवार झाले होते, हा चौथा.

गायमांडीला बसलो असताना ती माझ्या कानाशी आली. "बाय, मना वाटतं आली." गेलं वर्षभर तिच्या पाळीचा नेम राहिला नव्हता, कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत परत. मी पिशवीतून कापड काढून दिलं. ती झाडाआड जाऊन आली, तोपर्यंत आमच्यात कुजबुज झाली होती. सगळ्यांत वडील होत्या त्या म्हणाल्या, "गो, आता वर येव नको. हितंच बस." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. तिच्या हातातली नारळाची पिशवी एकीने काढून घेतली. तिने पालेश्वराला वाहायला पाल्याची डहाळी तोडून ठेवली होती, ती मात्र कोणी घेतली नाही. आम्ही वर गेलो.

दर्शन झालं, ब्रह्मकुंडापाशी बसून आम्ही फडकं सोडलं आणि भाकऱ्या खाल्ल्या. त्या भाकऱ्या तिने पहाटे चार वाजता उठून थापल्या होत्या. हे लक्षात आलं तेव्हा घास घशात अडकला माझ्या. पाळी पहाटे आली असती तर? नागोबाच्या टप्प्यावर आली असेल आणि तिला गायमांडीला कळली असेल तर? बाईला स्वतःलाच जे नेमकं सांगता येत नाही, ते देवाला मिनिटावर कळतं आणि बाधतं, असं आपण धरून चालतो. आणि ज्या रक्तावाचून नातू झाला नसता, त्या नातवाचा नवस फेडायला तेच रक्त आडवं येतं!

उतरताना ती आमच्या पुढे चालत होती. रडली वगैरे नाही. विक्रमची वाट बघताना एवढंच म्हणाली, "मी सांगितलाच नसता, तं कोनाला कलला असता?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली. कारण कायद्याची बाजू मला पाठ होती. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, मंदिरप्रवेश हा बाईचाही मूलभूत हक्क आहे आणि १९५६ च्या कायद्याप्रमाणे तिच्या हक्काचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यानंतर आठवडाभरात, गुढीपाडव्याला, शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. आम्ही मंडळात पेढे वाटले होते. पण गायमांडीच्या त्या आठ जणींवर कुठलं कलम लावायचं? तिथे पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता. पहारेकरी आम्हीच होतो, आणि आमच्या आधी ती स्वतः होती, कारण सांगायला आली ती तीच.

शबरीमलाही डोंगरच. पंपा नदीपासून पायी चढण आहे. तिथे दहा ते पन्नास वयाच्या बाईला मज्जाव होता. २८ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उठवला. विटाळ धरून बाईला दूर ठेवणं ही अस्पृश्यताच, असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं. पाच जणांत विरुद्ध मत एकच होतं, आणि ते न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं, त्या पीठावरच्या एकमेव बाईंचं. श्रद्धेच्या बाबतीत तर्काची फूटपट्टी न्यायालयाने लावू नये, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो पटत नाही, पण त्यांना शिव्या घालण्यातही अर्थ नाही. आमची वडील बाई हेच तर म्हणत होती, आपल्या भाषेत. पुढे २ जानेवारी २०१९ च्या पहाटे दोघी जणी आत जाऊन आल्या, तर शुद्धीसाठी देऊळ बंद केलं गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यातले मोठे प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे सोपवले गेले.

आणि हा प्रश्न काही दिल्लीहून आलेला नाही. चोखोबांच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांमागे अभंगातून हेच विचारलं होतं, की विटाळ देहाच्या आतच आहे, तर त्यावाचून जन्मलेला देह दाखवा कुठे आहे तो. आपण त्यांचे अभंग गातो, आणि पाळी आली की कोपऱ्यात बसतो.

आमच्यातल्या दोघी तरुण मुली त्या दिवशी निवांत होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, दोघींनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. श्रावण, गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण: प्रत्येक वेळी गोळ्या. डॉक्टरला न विचारता, शेजारणीने नाव सांगितलं म्हणून. हे औषध, नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे संप्रेरक आहे. डोकेदुखी, मळमळ, पोट फुगणं हे होतंच. ज्यांना रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास आहे त्यांना ते धोक्याचं. ती मुलगी म्हणाली, "त्यात काय, देवासाठी तर करतो." चिंबोऱ्या पकडताना चावा बसला तर हळद लावून पुन्हा हात घालणाऱ्या घरातली मुलगी ही. तिला शरीराचं भय नाही. लाज आहे.

पाण्याचंही तेच. घरून निघताना आमच्यापैकी कोणी पाणी प्यालं नव्हतं. वाटेत आडोसा मिळेल की नाही, या विचाराने चढाच्या दिवशी कोरडं राहायचं ही रीतच आहे आमची. सासूबाईंनी मला शिकवली, मी माझ्या सुनेला. लघवीची जळजळ मग दोन दिवस, तीही "प्रवासाची उष्णता" म्हणून खपवायची.

इथे चळवळीतल्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीशी भांडण झालं ते सांगायला हवं. ती म्हणाली, "मुळात चढताच कशाला? ज्या देवाला तुम्ही चालत नाही तो देवच सोडा." शिबिरात हे वाक्य मीही टाळ्या घेत म्हटलेलं आहे. पण तिला एक विचारलं. सकाळी सहाला घर सोडून, स्वयंपाक न करता, नवऱ्याला न विचारता, आठ मैत्रिणींबरोबर दिवसभर हिंडायचं, जोरात हसायचं, घामेजून कातळावर पाय पसरून बसायचं, याला मांडव्यातल्या बाईला दुसरं कुठलं निमित्त आहे? "फिरायला जाते" म्हटलं तर घर विचारतं, कशाला? "कनकेश्वरला जाते" म्हटलं की डब्याला चटणी कमी पडू नये एवढंच बघतात. आमचं ट्रेकिंग म्हणा, सहल म्हणा, ते हेच. गायमांडीला आम्ही तिच्याकडून नुसतं दर्शन काढून घेतलं नाही. तिचा दिवसही काढून घेतला. मैत्रीण गप्प झाली. पटलं असेल असं नाही.

पंढरीच्या वाटेवर लाखो बायका चालतात, अठरा-वीस दिवस. त्यांना पाळी येत नाही का? येते, आणि त्या चालत राहतात. दिंडी कोणाला मागे ठेवत नाही. राज्य महिला आयोगाने २०२२ पासून 'आरोग्य वारी' नावाने पालखी मार्गावर नॅपकिनची, आडोशाची, हिरकणी कक्षांची सोय करायला घेतली. सोय अपुरी असेल, पण पाळी आलेली बाई वारीत असणारच, हे त्यात आधी मान्य केलेलं आहे. मग डोंगराच्या वाटेवर ते का मान्य नको?

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. तिच्यासमोर, आधी माझी चूक कबूल करून. दोन तास बोलणं झालं. वडील बाई म्हणाल्या की त्यांच्या सासूने त्यांना सहा वेळा असं बसवलं होतं, एकदा भर पावसात, आणि हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला. तरी मत बदललं नाही. शेवटी ठरलं ते इतकंच: यापुढे मंडळाच्या कुठल्याही चढणीवर कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी कोणाला बसवायचं नाही, कापड आणि पाणी पिशवीत ठेवायचं आणि ते सगळ्यांनी प्यायचं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वेगळं जावं. तिघी वेगळ्या होणार आहेत.

तिचे दोन सोमवार राहिले आहेत. गायमांडीपर्यंतचा तिने धरलेला नाही.