गाडीतले चौघे, डिकीतली पिशवी

वर्ध्याच्या नालवाडीहून नागपूरकडे निघालेल्या गाडीत एक चालक, एक त्याचा मित्र आणि दोघे ओळखीवर बसलेले, हे आपल्याकडे रोजचेच. वाटेत तपासणी होऊन डिकीत गांजा निघाला, तर पहिल्या झटक्यात चौघेही आरोपी होतात. वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी असल्याने गाडी थांबवून झडती घेणे कोणाला नवे नाही. पण गांजाचा कायदा दारूबंदीच्या कायद्याहून फार कठोर आहे.

एरवी गुन्हा सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात मात्र माल ताब्यात होता एवढे सिद्ध झाले, की ‘मला माहीत नव्हते’ हे आरोपीने सिद्ध करायचे, तेही वाजवी शंकेपलीकडे. गांजा २० किलोंहून जास्त असेल तर कलम ३७मुळे जामीनही दुरापास्त.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मदनलाल खटल्यात पाच जणांची शिक्षा कायम ठेवली. गाडीत ८२० ग्रॅम चरस होता. गाडी खासगी, सगळे एकमेकांच्या ओळखीचे आणि एकत्र प्रवासाचा खुलासा कोणी दिला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी अवतारसिंग खटल्यात, अफूच्या बोंडांच्या चुऱ्याची पोती असलेल्या ट्रकमधले आरोपी सुटले होते. कोणाची भूमिका काय, मालाशी कोणाचा संबंध काय, याचा तपासच झाला नव्हता.

माझ्या मते पोलिसांनी हा दुसरा निकाल खिशात ठेवून फिरावे. गांजा विकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण डोकी मोजली म्हणजे तपास होत नाही. कोण कुठे बसले होते, पिशवी कोणाची, डिकीची चावी कोणाकडे, कोणाचे कोणाशी फोन झाले, हे प्रत्येकाबाबत स्वतंत्रपणे नोंदले पाहिजे. १ जुलै २०२४पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. मग कॅमेरा माल टेबलावर मांडल्यावर कशाला, माणसे गाडीतून उतरण्याआधीच सुरू करा. निर्दोष प्रवाशाला पुढे तेवढाच आधार असतो.

आणि गाडी दुसऱ्याला देऊन घरी बसलेल्या मालकांनो, तुम्हीही मोकळे नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६०खाली गाडी सरकारजमा होऊ शकते. ती वाचवायची तर तुम्हाला आणि गाडी ज्याच्या हवाली केली त्यालाही मालाची माहिती नव्हती आणि दोघांनीही पुरेशी खबरदारी घेतली होती, हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते.